गावात गॅस्ट्रो-कॉलराची साथ येऊ द्यायची नसेल तर शेवटच्या नळापासून सुरुवात करा

मे महिना अर्धा संपला की मला दरवर्षी धाकधूक लागते. पहिला मोठा पाऊस झाला की गटारातलं, उकिरड्यावरचं, शेताच्या बांधावरचं सगळं पाणी वाट मिळेल तिकडं धावतं आणि आपली पाइपलाइन, विहिरी, नळाचे खड्डे नेमके त्याच वाटेत असतात. आमच्या वस्तीवर एका जुलैमध्ये असंच झालं. सोमवारी एका घरात दोघांना जुलाब, मंगळवारी शेजारच्या दोन घरांत पाच जणांना, आणि बुधवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात पेशंट झोपवलेले, सलाईनच्या बाटल्या खिडकीच्या गजाला बांधलेल्या. एक आजी गेल्या. रात्री त्यांना खूप वेळा झालं होतं पण उजाडल्यावर गाडी बघू असं घरच्यांनी ठरवलं, आणि उजाडेपर्यंत उशीर झाला.

नंतर चौकशी झाली तेव्हा कळलं की टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर रोज पडत होती, वहीत रोज सही होती, सगळं व्यवस्थित होतं. फक्त आमची वस्ती लाइनच्या टोकाला आहे आणि टोकाच्या नळाचं पाणी त्या अख्ख्या वर्षात कुणीच तपासलं नव्हतं. तेव्हापासून गावच्या पाणी समितीत मी एकच गोष्ट धरून बसलेय, टाकीत पावडर किती टाकली ते सांगू नका, शेवटच्या नळाला क्लोरीन किती आलं ते सांगा. हा सगळा लेख त्यावरच आहे, सरपंच, सदस्य, जलसुरक्षक, आशाताई, बचत गटातल्या बाया आणि सोसायटीचे सेक्रेटरी यांच्यापैकी कुणालाही वापरता येईल असा.

आधी रोग काय आहे ते थोडक्यात

गॅस्ट्रो हे एका रोगाचं नाव नाही, दूषित पाण्या-अन्नातून होणाऱ्या जुलाब-उलटीला आपण सरसकट गॅस्ट्रो म्हणतो. त्यातला सगळ्यात घाई करणारा म्हणजे कॉलरा, आपली जुनी माणसं ज्याला पटकी म्हणायची. याचे जंतू पोटात गेले की काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत कधीही त्रास सुरू होऊ शकतो, तांदळाच्या धुवणासारखे पांढरट पातळ जुलाब, उलट्या, पोटऱ्यांना गोळे. जास्त जोराचा असेल तर धडधाकट माणूस काही तासांत जाऊ शकतो. उपचार नाही मिळाला तर अशा जोराच्या केसमध्ये निम्मी माणसं दगावू शकतात, आणि वेळेत पाणी-मीठ भरून काढलं तर शंभरात एकसुद्धा जात नाही. म्हणजे सगळा खेळ वेळेचा आहे.

दुसरी गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, जंतू पोटात गेलेल्या बऱ्याच जणांना काहीच होत नाही किंवा दोन-तीन जुलाब होऊन थांबतात, पण त्यांच्या शौचातून जंतू एक ते दहा दिवस बाहेर पडत राहतात. म्हणून पेशंट पाच दिसले तर जंतू पाचच घरांत आहेत असं कधीच धरू नका.

पूर्वी साथ आली की गावोगावी मरीआईचा गाडा काढायचे, पूजा करून शिवेबाहेर नेऊन सोडायचे. माणसं हतबल होती, दुसरं काही हातातच नव्हतं. आपल्या हातात आज बऱ्याच गोष्टी आहेत आणि त्यातल्या बहुतेक अगदी स्वस्त आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं. जुलै 2022 मध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यातल्या पाचडोंगरी, कोयलारी या गावांत कॉलराची साथ आली, माणसं गेली, तिथंही उघड्या विहिरीचं पाणी पिण्यात आलं होतं. आणि शहरवाल्यांनी हे खेड्यातलं आहे म्हणून सोडून देऊ नये. जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, नसांवर परिणाम होऊन हातपाय लुळे पडतात तो आजार) पेशंट वाढले ते आठवत असेल. जीबीएस स्वतः एकाचा दुसऱ्याला लागत नाही, पण काही पेशंटच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता आणि तो दूषित पाण्या-अन्नातूनच पोटात जातो.

पावसाआधी : नकाशा काढा आणि लाइन पायी फिरा

एक मोठा कागद घ्या, टाकी, मेन लाइन, व्हॉल्व्ह, विहिरी, हातपंप, गटारं, सार्वजनिक संडास, उकिरडे सगळं हातानं काढा. सुबक काही नको. मग मे महिन्यातच, पाणी सुटायच्या वेळेला, लाइनच्या कडेनं चालत जा. जिथं चालू पाण्यात लिकेज दिसतं तिथूनच पाणी बंद झाल्यावर घाण आत जाते, हे कळलं की अर्धं काम झालं. आपल्याकडं चोवीस तास पाणी कुठं असतं, तासभर येतं आणि बंद होतं, मग रिकाम्या पाइपमध्ये ओढ तयार होते आणि आजूबाजूला गटाराचं पाणी साचलेलं असेल तर तेच आत शोषलं जातं. त्यात कुणी नळाला टिल्लू मोटर लावली असेल तर विचारूच नका, ती मोटर शेजाऱ्याचं पाणी तर ओढतेच पण गटारसुद्धा ओढते. टिल्लूवरून गावात भांडणं होतात मला माहितेय, तरी पावसाळ्याचे चार महिने तरी हा विषय ग्रामसभेत घ्याच.

व्हॉल्व्हचे खड्डे बघा, त्यात पाणी साचून बेडूक फिरत असतील तर तो खड्डा पक्का बांधून झाकण टाकून घ्या. गटारातून किंवा गटाराला खेटून गेलेले नळ कनेक्शन बघा, वर उचलून घ्या. आणि नळाचा खड्डा! प्रेशर नाही म्हणून अंगणात दोन फूट खड्डा खणून त्यात नळ उतरवलेला असतो, पाऊस आला की तो खड्डा भरतो आणि बिनतोटीचा नळ त्यात बुडतो. ज्या घरांना असे खड्डे आहेत त्यांची वेगळी यादी करा. खड्डा लगेच बुजवता येणार नाही कारण मग त्या बाईला पाणीच येणार नाही, पण तोटी बसवता येते, कडेनं विटांचा थर देऊन पावसाचं पाणी आत जाऊ नये असं करता येतं. आम्ही प्रत्येक घराला तोटी स्वतः नेऊन बसवून दिली, नोटीस काढून काही होत नाही.

टाकी धुवून घ्या आणि तारीख टाकीवरच रंगवा. हातपंपाचा ओटा फुटला असेल, भोवती डबकं असेल तर दुरुस्त करून घ्या, आणि पुराच्या पाण्यात बुडलेला हातपंप पंचायत समितीच्या पथकाकडून शुद्ध करून घेतल्याशिवाय प्यायला वापरू नका.

वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, आरोग्य खात्याकडून पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि त्यावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. लाल कार्ड मिळेल म्हणून काही ठिकाणी दोष लपवतात, पाहणीवाल्यांना चांगल्या विहिरीवरच नेतात. असं करू नका हो. लाल कार्ड म्हणजे कुठं दुरुस्ती करायची याची फुकट मिळालेली यादी आहे.

पावडरीचं गणित

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताजी असताना त्यात साधारण 33 टक्के क्लोरीन असतं पण ते उडून जातं, उन्हानं, दमट हवेनं, पिशवी उघडी राहिल्यानं. मागच्या वर्षीची दगडासारखी घट्ट झालेली पावडर म्हणजे चुनाच समजा. घेताना उत्पादनाची तारीख बघा, एकदम वर्षाची पोती भरून ठेवू नका, झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये कोरड्या अंधाऱ्या जागेत ठेवा. पंपाच्या खोलीत मोटरच्या पॅनलशेजारी ठेवलं तर लोखंड गंजतं, ते टाळा. आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवून त्यात क्लोरीन किती उरलंय ते तपासून घ्या, 20 टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यासाठी वापरू नका.

डोस आपल्याकडं साधारण 1000 लिटरला 5 ग्रॅम धरतात. म्हणजे 50,000 लिटरच्या टाकीला 250 ग्रॅम. विहिरीचं गणित अवघड वाटतं पण सोपं आहे, विहीर गोल असेल तर व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, आणि त्याला 785 ने गुणा, झाले लिटर. 4 मीटर रुंद विहीर आणि 3 मीटर पाणी असेल तर 4 गुणिले 4 गुणिले 3 गुणिले 785, म्हणजे 37,680 लिटर, पावडर साधारण 190 ग्रॅम. फुटात मोजलं असेल तर 785 च्या जागी 22 घ्या, अंदाज बरोबर येतो. पाऊस पडला की विहिरीतलं पाणी वाढतं, म्हणून खोली पावसाळ्यात पुन्हा पुन्हा मोजायची, मे महिन्यातलं माप ऑगस्टला चालत नाही.

कोरडी पावडर वरून टाकीत ओतायची नाही, ही चूक मी इतक्या ठिकाणी बघितलीय. तिचे गोळे तळाला जाऊन बसतात. बादलीत थोडं पाणी घेऊन आधी खीर करायची, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळायचं, दहा मिनिटं ठेवायचं, चुना खाली बसला की वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घ्यायचं आणि तेच टाकीत टाकायचं. एका बादलीला 100 ग्रॅमपेक्षा जास्त पावडर घेऊ नका, जास्त असेल तर दोन-तीन बादल्या करा. विहीर असेल तर ती बादली दोरीनं पाण्याखाली सोडून वरखाली हलवायची म्हणजे सगळीकडं मिसळतं. खालचा चुना फेकून द्यायचा. टाकीला निदान अर्धा तास आणि विहिरीला तासभर द्या, त्यानंतर पाणी सोडा. विहिरीसाठी रात्रीची वेळ चांगली, सकाळी माणसं यायच्या आत काम झालेलं असतं. तोंडाला रुमाल, हातात मोजे, वारा पाठीकडून. आणि ही पावडर संडास धुवायच्या ॲसिडबरोबर कधीच एकत्र करू नका, विषारी वायू निघतो.

पाणी गढूळ असेल तर क्लोरीन त्या गाळातच खर्च होतं. आधी तुरटी फिरवून गाळ बसू द्या, मग क्लोरीन. नुसती तुरटी फिरवली की पाणी स्वच्छ दिसतं पण जंतू तसेच राहतात, दिसण्यावर जाऊ नका.

ओटी टेस्ट, सगळ्यात महत्त्वाचं पाच मिनिटांचं काम

छोटी नळी, त्यात नळाचं पाणी, त्यात ओटीच्या (ऑर्थोटोलिडिन, क्लोरीन असलं की पिवळं पडतं) द्रावणाचे थेंब, आणि दहा सेकंदांच्या आत पिवळा रंग येतो का बघायचं, आला तर डबीवरच्या रंगाशी जुळवायचा. लगेच बघायचं, नळी खिशात घालून ऑफिसात जाऊन बघितली तर रंग बदललेला असतो. ते पाणी प्यायचं नाही, हात धुवायचे, बाटली पोरांपासून लांब. एरवी शेवटच्या नळाला 0.2 पीपीएम (लिटरला 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन) तरी पाहिजेच, साथीची शंका असेल तर 0.5 पर्यंत न्या. टाकीजवळ गर्द रंग आणि टोकाला काहीच नाही, असं असेल तर त्या दिवशी टोकाच्या घरांच्या दृष्टीनं पावडर टाकलीच नाही.

आता यातली खरी युक्ती. टाकीपासून सुरू करून एकेक नळ तपासत टोकाकडं जा. पहिल्या नळाला 0.5, पुढं 0.5, पुढं 0.4 आणि मग एकदम शून्य, तर समजायचं की त्या शेवटच्या दोन नळांच्या मध्ये कुठंतरी घाण आत येतेय आणि क्लोरीन तिथं खर्च होतंय. आमच्याकडचं लिकेज असंच सापडलं, एका जुन्या मोरीच्या खाली पाइपचा जॉइंट सुटला होता, वरून जमीन कोरडी दिसत होती म्हणून कुणाला पत्ता नव्हता. अख्खी लाइन उकरायला पैसे नसतात, पण वीस फूट उकरायला चार माणसं आणि एक दिवस पुरतो.

टेस्ट कधी करायची तर पाणी सुटल्या सुटल्या एकदा आणि दहा मिनिटांनी एकदा. सुरुवातीला येणारं पाणी सगळ्यात वाईट असतं, रात्रभर पाइपमध्ये जे शिरलं ते आधी बाहेर येतं. म्हणून घराघरात सांगा की पहिली बादली अंगणाला, संडासाला वापरा, प्यायचं पाणी नंतर भरा. फुकटची गोष्ट आहे पण फार फरक पडतो.

जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचं ट्रेनिंग आणि किट द्यायचं असं ठरलेलं आहे. तुमच्या गावात कुणाला दिलं ते शोधा, किट बरेचदा कपाटातच असतं. त्यातली जंतूंची बाटली, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी पडली की पाणी खराब, ती अशिक्षित बाईलासुद्धा वाचता येते.

घरात आणि गावात काय साठा पाहिजे

प्रत्येक घरात ओआरएसची निदान दोन पाकिटं, आशाताईकडं जास्तीचा साठा, मेडिक्लोरच्या (पाण्यात टाकायचं क्लोरीनचं द्रावण) बाटल्या किंवा क्लोरीनच्या गोळ्या (डोस बाटलीवर लिहिलाय तेवढाच), झिंकच्या गोळ्या. ग्राम आरोग्य समितीच्या अबंधित निधीतून (गरजेप्रमाणे खर्च करता येतो तो निधी) साबण, बादल्या, ओटीचं द्रावण घेता येतं. पाणी उकळत असाल तर खळखळून एक मिनिट उकळी येऊ द्या. हंड्यात हात घालून ग्लास बुडवायचा नाही, लांब दांड्याचं ओगराळं किंवा तोटीचा माठ. जारचं थंड पाणी म्हणजे शुद्ध पाणी असा आता समज झालाय, पण जारवाला कुठलं पाणी भरतो ते जाऊन बघा, आणि ओटी टेस्ट तिथंही करा.

ऊसतोडीच्या टोळ्या, वीटभट्टीवरची कुटुंबं, मेंढपाळ, ही माणसं गावच्या यादीत नसतात आणि ओढ्याचं नाहीतर पडक्या विहिरीचं पाणी पितात. तयारीची यादी करताना त्यांची घरं आधी लिहा. साथ आली की सगळ्यात आधी तीच सापडतात आणि दवाखान्यात सगळ्यात शेवटी पोचतात.

पहिला पेशंट दिसला, आता काय

मोठ्या माणसाला पाण्यासारखे जुलाब होऊन तो गळून गेला असेल, किंवा शेजारशेजारच्या घरांत एकाच वेळी दोघा-तिघांना सुरू झालं असेल तर त्याच तासाला आशाताईला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला फोन करा. आणखी दोन दिवस बघू म्हणायचं नाही. सल्ल्यासाठी 104, ॲम्ब्युलन्ससाठी 108. गावात प्रायव्हेट प्रॅक्टिस करणारे असतील त्यांना आणि मेडिकलवाल्याला विचारा की दोन दिवसांत जुलाबाचे किती आले, ओआरएस किती खपलं. माणसं आधी तिथंच जातात, सरकारी आकड्यात ती दोन-तीन दिवसांनी येतात.

त्या पहिल्या दिवशी जी चूक हमखास होते ती आधी सांगते. घाबरून सगळे विहिरीत, टाकीत पावडर ओततात आणि मग पाण्याचा नमुना घेतात, साहजिकच रिपोर्ट येतो पाणी पिण्यायोग्य, आणि कारण कधीच सापडत नाही. आधी नमुना, मग पावडर. नमुन्याची निर्जंतुक बाटली आरोग्य केंद्राकडून मागवायची, रिकामी धुतलेली पाण्याची बाटली चालत नाही, आणि नमुना बर्फात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवायचा. तसंच पेशंटचं, शौचाचा नमुना अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी घेतला पाहिजे, नाहीतर जंतू सापडत नाहीत. पण नमुन्यासाठी पेशंटचं ओआरएस किंवा सलाईन एक मिनिटही थांबवायचं नाही.

मग संशय असलेला स्रोत बंद. विहिरीवर नुसता बोर्ड लावून चालत नाही, माणूस बसवा आणि दुसरं पाणी द्या. दुसरं पाणी न देता विहीर बंद केली तर बाया रात्री जाऊन तिथूनच भरणार, त्यांचा काय दोष. टँकर आला तर टँकरच्या पाण्याची ओटी टेस्ट, प्रत्येक फेरीला.

त्याच दिवशी घरोघर सर्व्हे सुरू करा, वहीत रकाने आखा, नाव, वय, घर, त्रास कोणत्या तारखेला किती वाजता सुरू झाला, पाणी कुठलं पितात, मागच्या पाच दिवसांत कुठं जेवले. प्रत्येक पेशंटचा नकाशावर ठिपका मारा. ठिपके एका लाइनवर आले तर पाणी, एका विहिरीभोवती आले तर विहीर, आणि सगळे एकाच दिवशी सुरू होऊन गावभर विखुरले असतील तर सप्त्याचा महाप्रसाद, लग्न, तेराव्याचं जेवण असं काहीतरी शोधा. डॉक्टर मंडळी हे करतातच, पण गावातलं कोण कुठलं पाणी पितं हे त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहिती असतं. साथ चालू असेपर्यंत गावजेवण पुढं ढकला, देव समजून घेतो.

पेशंटला वाचवायचं कसं

ओआरएसचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या पाकिटाचा खेळ करायचा नाही, आणि केलेलं पाणी चोवीस तासांत संपवायचं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर धोका, म्हणून चमचा सपाट करूनच घ्या. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्या बाळाला 50 ते 100 मिलिलिटर, दोन ते दहा वर्षांच्या पोराला 100 ते 200, मोठ्यांना जेवढं जाईल तेवढं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमचा-चमचा. उलटी होतेय म्हणून पाणी बंद, ही समजूत काढून टाका, तिनं फार माणसं नेलीत. बाळाला अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. सहा महिन्यांपुढच्या पोरांना झिंक 20 मिलिग्रॅम रोज, 14 दिवस, जुलाब थांबले तरी. जुलाब एकदम बांधून टाकणाऱ्या गोळ्या लहान मुलांना देऊ नका.

दुकानात टेट्रापॅकमध्ये मिळणारी फळांच्या चवीची गोड पेयं म्हणजे ओआरएस नाही. खऱ्या पाकिटात एका लिटरसाठी 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट असतं, पाकिटावर वाचून घ्या. जास्त साखरेनं जुलाब वाढतात. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने अशा पेयांवर ओआरएस नाव लावायला मनाई केली, ते फार बरं झालं.

या साध्या पाण्यावर विश्वास बसत नसेल त्यांच्यासाठी सांगते. 1971 मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा यांचं पाणी ड्रममध्ये करून नातेवाइकांच्या हातानंच पेशंटना पाजलं, आणि मृत्यूचं प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास होतं ते 3.6 टक्क्यांवर आलं. 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. शाळेच्या व्हरांड्यात सलाईन लटकवायला नर्स लागते, ओआरएस पाजायला आई पुरते.

पण डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू मागं जाते, गुंगी आली, पाणी पिता येत नाही, यातलं काहीही दिसलं तर घरी थांबायचं नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी गाडी काढायची आणि पेशंट शुद्धीवर असेल तर वाटेत ओआरएस पाजत न्यायचं. गावातल्या कोणत्या दोन-तीन गाड्या रात्री निघतील, ड्रायव्हर कोण, हे मे महिन्यातच ठरवून नंबर देवळाच्या भिंतीवर लिहून ठेवा.

घराची सफाई

एक माप लक्षात ठेवा, मोठे सपाट चार चमचे, म्हणजे साधारण 60 ग्रॅम ताजी पावडर. ती एक लिटर पाण्यात घातली तर उलटी-जुलाबावर ओतायचं कडक पाणी, दहा लिटरच्या बादलीत घातली तर फरशी-संडास पुसायचं पाणी. पेशंटचे कपडे ओढ्यावर, विहिरीवर, सार्वजनिक नळावर धुवायचे नाहीत, घरी उकळत्या पाण्यात भिजवून धुवा आणि ते पाणी संडासात टाका. पेशंटची सेवा करणाऱ्यानं शक्यतो स्वयंपाक करू नये, करावाच लागला तर साबणानं हात धुऊनच.

कुणी दगावलं तर हे बोलायला जड जातं पण बोलावंच लागतं. मयताला अंघोळ घालणाऱ्यांनी मोजे घालावेत, नंतर साबणानं हात धुवावेत आणि त्या दिवशीच्या जेवणाला हात लावू नये. घरच्यांना हे जवळच्या, मान असलेल्या माणसानं हळू आवाजात सांगावं, लाउडस्पीकरवरून नाही. आणि ज्या घरात पेशंट निघाला त्या घराला नावं ठेवायची नाहीत. नावं ठेवली की पुढचं घर लपवतं.

थांबायचं कधी

शेवटचा पेशंट बरा झाल्यापासून दहा दिवस नवा पेशंट नाही, तर साथ आटोक्यात आली असं धरतात, कारण पाच दिवसांच्या मुदतीच्या ते दुप्पट आहेत. पण माझं मत विचाराल तर टोकाच्या नळाची रोजची टेस्ट महिनाभर तरी सोडू नका. जे लिकेज सापडलं ते तात्पुरतं चिंधी बांधून ठेवलेलं असतं, त्याची पक्की दुरुस्ती आणि खर्च ग्रामसभेत मंजूर करून घ्या, लोकांना भीती आठवतेय तोवरच.

आमच्याकडं शेवटच्या नळाची वही आता त्या आजींच्याच घरी असते. त्यांची सून रोज सकाळी पाणी सुटलं की टेस्ट करते, वहीत आकडा लिहिते आणि पिवळ्या नळीचा फोटो ग्रुपवर टाकते. साडेसातपर्यंत फोटो आला नाही की मी फोन करते.